बसवून पाजलेले पाणी

२२ नोव्हेंबर १९३८, दुपारी दोन वाजून दहा मिनिटे. लोहगडवाडीच्या चौघांनी घोंगडीत घालून लोणावळ्याच्या आमच्या रुग्णालयात आणलेला माणूस माझा मामा आहे, हे मी ओळखले. तो शुद्धीत होता. गवताच्या गंजीवरून डोक्यावर पडला होता. लहानपणी मला मानेवर बसवून गड चढणारा हाच; डोक्यावरच्या कापडी चुंबळीवर भारा पेलताना मान कशी तोलायची असते, हे मी त्याच्याकडे पाहत शिकले. आता छातीखाली टोचलेली टाचणीही त्याला जाणवत नव्हती.

मानेचा पाचवा मणका पुढे सरकून मज्जारज्जू दाबला गेला होता. कवटीत दोन्ही बाजूंनी पोलादी चिमटा रोवून वजनाने मान ताणायची, ही पद्धत आमच्याकडे नवी. चिमटा परदेशी मासिकातल्या आकृतीवरून रेल्वेच्या एका फिटरने घडवलेला. तो वापरण्याचा आग्रह मीच धरला. डोक्यामागे जखम होऊ नये म्हणून खाली मामाचीच चुंबळ ठेवली. "शिंगं बसवलीस व्हय गं मला? आता पोळ्याला बेगड लाव," तो म्हणाला. मणका जागेवर आला. पाय काही हलले नाहीत. अखेर आमच्या शल्यविशारदांनी मागून मणक्याची कमान काढली. आतला मज्जारज्जू सुजून काळपट झाला होता...

बाहेर मामी बसली होती. "पडला तवा पाय हलवत व्हता गं. म्यां बसवून पानी पाजलं. त्यानं झालं का?" पडलेल्याला आधी उठवून पाणी पाजायचे, ही आपल्याकडची पहिली माया. मामाने मला अगोदरच बजावले होते, "तिनं इचारलं तर न्हाई म्हन. येवढं एक खोटं बोल, डागदरीनबाई." मला ते जमले नाही. पडण्याने किती आणि बसवण्याने किती, हे वेगळे काढता येत नाही. पण बसवायला नको होते, एवढे मी सांगितले. मामाचे दिवस उरकल्यावर तीच म्हणाली, "मंग लिही की पेपरात. पडलेल्याला आडवाच ऱ्हाऊ द्या, फळीवर घाला म्हनावं."

म्हणून हे लिहिले. चुंबळ मामीने मागून नेली. परवा वाडीत गेले तेव्हा ती तिच्या डोक्यावर होती, वर भरलेली घागर... मान ताठ. माझ्याकडे मामाचा नाडी-श्वासाचा तक्ता राहिला आहे. मज्जारज्जूची सूज वर श्वासाच्या नसांपर्यंत चढत गेली तसे त्यातले आकडे उतरत गेले. शेवटचा माझ्याच हातचा: श्वसन, मिनिटाला सहा.