कार्ड कुणी टाकलं?

वत्सलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी केंद्रातच होते. समोर कागलकडची एक बाई रडत बसली होती, म्हणून मला रडता आलं नाही. तिचं सगळं ऐकून घेतलं, तिला एसटीत बसवून दिलं आणि मग ताईंच्या घरी गेले. आधी उठले असते तर ताईच रागावल्या असत्या…

ताई निवृत्त शिक्षिका. नव्वदच्या सुमारास त्यांनी कोल्हापुरात, घरात मार खाणाऱ्या बायकांसाठी हे दोन खोल्यांचं केंद्र काढलं. मी तेव्हा नवऱ्याला सोडून माहेरी आलेली. मला त्यांनी तिथं कामाला बसवलं, ती मी आजतागायत उठलेली नाही. त्यांचा एक नियम फार कडक होता. बाईच्या घरी कागद जाता कामा नये, फोनही नाही. निरोप न्यायच्या त्या आमच्या कासारीण मावशी. बांगड्या भरायला त्या थेट आतल्या खोलीत जात, बाईचा हात हातात घेत, अंगावरचे वळ बघून ठेवत आणि बांगडी चढवता चढवता पुटपुटत, "मंगळवारी ये. ताई हाईत." सासू शेजारी बसलेली असली तरी तिला पत्ता लागत नसे.

मग गेल्या पावसाळ्यात स्वाइन फ्लू आला. पुण्याच्या बातम्या वाचून इकडे लोकांची पाचावर धारण बसली. शाळा बंद झाल्या, तोंडाला रुमाल आले, आमच्या कार्यकारिणीनंही पंधरा दिवस केंद्राला कुलूप लावायला सांगितलं. ऐन श्रावणात मावशी भरल्या पेटीनिशी परत आल्या. "हाताला हात लावू देईनात वो कुणी," त्या म्हणाल्या, "दारातनंच वाटंला लावत्यात."

कुलपाच्या त्या दिवसांतल्याच एका मंगळवारी शिरोळकडच्या एका गावातून सुरेखा यायची होती. नवऱ्याचं घर कायमचं सोडून. तिची राहायची सोय आम्ही लावून ठेवली होती. ती दोन लुगडी पिशवीत घालून निघेल, इथं कुलूप बघेल आणि परत त्याच घरात जाईल, या धास्तीनं मी तिला कार्ड टाकलं: मंगळवारी येऊ नये, केंद्र बंद आहे, नवी तारीख कळवू. ताई तापानं घरी पडल्या होत्या, त्यांना विचारलं नाही. वर सवयीनं केंद्राचा शिक्काही मारला. नुसती त्या दिवशी कुलपाबाहेर पायरीवर जाऊन बसले असते तरी चाललं असतं. हे मला नंतर सुचलं.

कार्ड नवऱ्याच्या हाती पडलं. चार दिवसांनी भाजलेली सुरेखा सरकारी दवाखान्यात मेली. स्टोव्ह भडकला, म्हणे.

तिची आई केंद्रात आली तेव्हा ताई आणि मी दोघीही होतो. म्हातारी रडत नव्हती. "माझी पोरगी त्या कार्डानं गेली की वो," ती म्हणाली. "कुणी टाकलं त्ये?"

मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाल्या, "मी."

म्हातारी तशीच वळून निघून गेली. मी ताईंवर ओरडले. तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "माझं वय झालंय गं. बायका माझ्याकडं यायच्या थांबल्या, तर तुझ्याकडं येतील. तुझ्याकडंही थांबल्या, तर कुठं जातील?"

झालंही तसंच. बातमी गावोगाव पसरली. नंतरच्या महिन्यांत येणारी प्रत्येक बाई दारातच विचारायची, "त्या म्हाताऱ्या बाई न्हाईत न्हवं आत?" हे ताईंना ऐकू जायचं. वीस वर्षं बायकांचं ऐकलेली ही बाई बाहेरच्या खोलीत चहा करत बसायची, आणि मी आत मानानं ऐकून घ्यायची. मला स्वतःची लाज वाटायची, तरी मी गप्प राहिले. त्यांचं हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

शोकसभेत एकजण बोललेच, "एवढी एक चूक सोडली तर बाईंचं काम मोठं." मी तिथंही मान खाली घालून बसले होते. म्हणून आज लिहिते. कार्ड मी टाकलं. अक्षर माझं, शिक्काही मीच मारला. ताई असत्या तर त्यांनी हे छापू दिलं नसतं, आणि त्यांचंच बरोबर ठरेल की काय, ही भीती मला आहे.

उद्या मंगळवार. मी दार उघडून बसणार आहे. कुणी आलं, तर आधी हे सांगेन, मग तिचं ऐकेन… ती थांबली तर.