एकदाच पिळलेलं फडकं

“हात लावू नको गो! हलवूसुद्धा नको! केबल सुटली तर सगळं मधल्यामध्ये लटकंल!” दादा इतक्या जोरात ओरडला की आमच्या कारखान्याच्या पत्र्यावरचे कावळे थेट रामवाडीपर्यंत उडून गेले, आणि विश्वास ठेवा, त्यांतले दोन परत आलेच नाहीत.

पेणमध्ये कारखाना म्हटला की तो गणपतींचा. आमचा म्हणजे घराला टेकलेली पत्र्याची लांबट शेड. ज्येष्ठात तिच्यात शिरलं की ओल्या शाडूचा थंड, तळ्याच्या तळाशी असतो तसा वास अंगावर यायचा, आणि त्याच्यामागून रंगाच्या डब्यांचा, सुतळीचा, दमट गोणपाटांचा. फळ्यांवर ओळीने गणपती बसलेले असायचे, तीनशे. बाबा म्हणतात, साठ. पण बाबांनी ते सवयीने मोजलेले, मी भीतीने. कारण त्या दिवसांत त्यांना डोळे नसत. डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी, बाबांच्याच हातची. तोवर त्या गुळगुळीत, पांढुरक्या मुखांवर नुसते दोन उंचवटे… आणि तरीही आपण पाठ फिरवली की ते सगळे आपल्याकडेच वळतात, असा माझा अनुभव होता.

त्याच शेडच्या कोपऱ्यात, प्लास्टिकच्या कागदाखाली, आमचा कॉम्प्युटर. बाबांनी तो गिऱ्हाइकांना मूर्तींचे फोटो दाखवायला घेतला आणि पहिल्याच महिन्यात तो माझा नि दादाचा होऊन बसला. शाडूची धूळ पोटात जाऊन जाऊन तो असा घरघरायचा की शेजारच्या काकू आमच्याकडे गिरण आहे का म्हणून विचारायला आल्या होत्या. त्यात गाड्यांची शर्यत होती, क्रिकेट होतं, आणि एक नुसता शहर बांधायचा खेळ होता. त्या शहरात आम्ही दोघं दोन वर्षं राहत होतो म्हणा ना. चार लाख वस्ती, एक नदी, तिच्यावर सात पूल. स्टेशनाला दादाने नाव दिलं होतं जिते — खऱ्या जित्याला गाडी थांबते न थांबते तोच निघते, आमच्या जित्याला मात्र आम्ही म्हणू तोवर मुकाट उभी राही. पूल दादा बांधायचा, झाडं मी लावायचे.

मग दादाला रोह्याला कंपनीत नोकरी लागली. सोमवारपासून शिफ्ट, राहायला तिथेच एक खोली. आईने गोधडी बांधली, लोणच्याची बरणी फडक्यात गुंडाळली. पेण ते रोहा म्हणजे सकाळचे पोहे पचायच्या आत संपणारा रस्ता. पण दहा वर्षांच्या मला ते गाव समुद्रापलीकडचं वाटत होतं. जाऊन आलेले सांगत, वारा फिरला की तिथे कंपन्यांचा वास नाकात शिरतो आणि आठवडाभर निघत नाही. त्या वासात माझा दादा… रविवारी येईन, म्हणत होता. मी मनाशी ताडलं होतं — येईल, येईलच, शहरासाठी. शहर इथे आहे तोवर दादा इथला आहे.

शनिवारी दुपारी तो मित्राकडून एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेऊन आला. काळी, साबणाच्या वडीएवढी. एकेक खेळ तिच्यात कट-पेस्ट करायला लागला. कट — म्हणजे इथून पुसायचं आणि तिथे उमटवायचं. मी विचारलं, मग इथे काय राहणार? स्क्रीनवरची नजर न काढता तो म्हणाला, “इथे काय नाय राहणार.”

शेडमधला उजेड त्या क्षणी कमी झाला. ढग आला असेल म्हणा; मला तरी ढग दिसला नाही. स्क्रीनवर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. शिल्लक वेळ चार तास, मग अकरा मिनिटं, मग नऊ तास — यंत्रालाही आपलं मरण नेमकं कधी, ते सांगता येत नव्हतं. मी नीट बघायला जवळ गेले आणि तीच ती कावळे उडवणारी आरोळी आली. तेवढ्यात आईने जेवायला हाक मारली. बघत बस, फार तापली तर सांग, असं बजावून दादा गेला.

मी बघत बसले. डिस्कच्या आत काहीतरी कुरतडत होतं, फळीमागे उंदीर कुरतडतो तसं. बोट लावलं तर चटका. भाकरी भाजली असती तिच्यावर. बरं, भाकरी नाही, पापड तरी. आता, शाडू तापला की त्याला भेग जाते, आणि भेग जायच्या आत त्यावर ओलं फडकं टाकायचं, हे आमच्या घरातलं रांगतं पोरही जाणतं. मी बादलीतलं फडकं उचललं. बाबा ते तीनदा पिळत. थेंब राहिला तर मूर्तीचं नाक वाहून जातं, असं दिवसातून दहादा सांगत. मला ते पाठ होतं.

मी एकदाच पिळलं. दुसऱ्यांदा पिळायला मनगटं वळली होती… ती मी थांबवली.

फडकं डिस्कवर टाकलं. कुरतडणं थांबलं. हिरवी पट्टी जिथे होती तिथेच गोठली आणि डिस्कचा बारीक निळा दिवा विझला. मागे तीनशे मुखं. अजून डोळे आखलेले नाहीत, एवढंच मी स्वतःला बजावत राहिले.

दादा उष्ट्या हातानेच धावत आला. फडकं उचललं तर धार लागली. तो ओरडला नाही. त्याने डिस्क स्वतःच्या टॉवेलने पुसली, तांदळाच्या डब्यात पुरली, सोमवारी पहाटे काढून लावून पाहिली, आणि परत डब्यात ठेवून एसटीला गेला. बाबा मात्र पोट धरून हसले. पोरीने डिस्कसुद्धा मूर्तीसारखी जपली, म्हणून आल्यागेल्याला सांगत सुटले. घरात त्याचा किस्सा झाला. तो सर्वांत रंगवून मीच सांगते. कावळे, पापड, गिरण, सगळं माझंच. सुरुवातीचे काही रविवार दादा आला. चहा पिऊन झाला की कॉम्प्युटरसमोर बसायला आम्हा दोघांना काही नसायचं. मग ओव्हरटाइम सुरू झाला, आणि पुढे रविवारी फोन.

या मार्गशीर्षात मी रोह्याला त्याच्या घरी गेले होते. मागच्या पडवीत आम्ही दोघं वालाच्या शेंगा सोलत बसलो होतो, आणि काय झालं कोण जाणे, मी किस्सा सांगायला घेतला तो या वेळी न रंगवता. तू जाऊ नयेस म्हणून मी फडकं एकदाच पिळलं होतं, हेही सांगून टाकलं. दादाने हातातली शेंग पुरी सोलली, दाणे परातीत टाकले.

“खोलीवर कॉम्प्युटर नव्हताच, गो,” तो म्हणाला. “घरचा कॉम्प्युटर बाबा सोमवारी फॉरमॅट करून घेणार होते, सगळं पुसलं गेलं असतं, म्हणून तुझ्यासाठी डिस्कमध्ये भरून ठेवत होतो.”