साडीची झोळी आणि स्टोअरमध्ये राहिलेलं स्ट्रेचर

ईशान्येकडच्या पोस्टिंगचं आमचं दुसरं वर्ष होतं. कंपनीचा बेस डोंगराच्या सोंडेवर होता. तिथून आम्ही बारा जण सात-सात दिवसांच्या पेट्रोलवर, म्हणजे गस्तीवर, जायचो. मी हवालदार, पेट्रोलचा टू-आय-सी, म्हणजे दुय्यम प्रमुख. जंगल बारा महिने ओलं. जमिनीवर झोपलं की सकाळी अंगावरच्या जळवा काढण्यात वेळ जायचा. फौजेकडून इश्यू झालेल्या झोळ्या सगळ्यांना पुरत नव्हत्या.

नाईक मिलिंद साळवे पिंपरीचा. त्याची आई एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायची. सुट्टीवरून येताना त्याने तिची एक जुनी सुती साडी आणली, निळी, बारीक काठांची. बॅरेकमध्ये सगळे हसले.

"साळवे, नेसणार कधी?"

"तुमच्या लग्नात," तो म्हणाला आणि कामाला लागला.

साडी साडेपाच मीटरची. त्याने ती दुहेरी केली. दोन्ही टोकांना नेसताना घालतात तशा निऱ्या घातल्या, मूठभर रुंदीच्या. टोक मागे दुमडलं, दुमडीत सुपारीएवढा गोल खडा ठेवला आणि खड्याच्या मागून दोरी आवळली. खड्यामुळे दोरी कापडावरून निसटत नाही. दोन झाडांमध्ये चार पावलं अंतर, दोरी छातीच्या उंचीवर, मध्ये ढिली. आधी नुसतं बसून बघायचं, मग पाय वर घ्यायचे. अर्ध्या तासात झोळी तयार झाली.

"कुठे शिकलास?" मी विचारलं.

"मी शिकलो नाही, सर. मी झोपलोय. आई कँटीनमागच्या दोन खांबांना अशीच बांधायची. मी आत, ती चुलीपाशी."

महिन्याभरात आमच्या निम्म्या पेट्रोलकडे साडीच्या नाहीतर चादरीच्या झोळ्या होत्या.

आता माझ्याविषयी. फौज सोडल्यापासून मी भोसरीत शेडमध्ये माल उचलायचे पट्टे बनवतो आणि चाकणच्या कंपन्यांना विकतो. शून्यातून उभं केलंय. समोरच्याला घाम फुटेपर्यंत मी सौदा सोडत नाही, आणि आवाज चढतो हेही खरं. ही सवय फौजेपासूनची.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यातल्या एका पेट्रोलच्या आदल्या दिवशी, दुपारी १४०० वाजता, मी स्टोअरला गेलो. स्टोअर हवालदार शेलारच्या ताब्यात. न्यायच्या सामानाच्या यादीत, लोड लिस्टमध्ये, एक फोल्डिंग स्ट्रेचर होतं. सहा किलो. मला ते नको होतं. त्याच्या बदल्यात जादा दोरी आणि एक ताडपत्री हवी होती.

"लिस्टमध्ये हाय, न्यावं लागंल," शेलार म्हणाला.

"झोळी आहे की. माणूस उचलायचाच तर झोळीत उचलू."

"न्हाई."

"अरे, तू झोपून बघ. मग बोल."

मी मिलिंदची झोळी स्टोअरच्या दोन खांबांना बांधली. शेलार पंच्याण्णव किलोचा. तो बसला, मग आडवा झाला. झोळी तसूभर हलली नाही. पोरं जमा झाली. मिलिंदने त्याला हलकेच झोका दिला आणि अंगाई म्हणायला सुरुवात केली. शेलारलाही हसू आवरेना.

"घ्या राव," तो म्हणाला. "तुमच्याशी तोंड वाजवण्यापेक्षा दोरी दिलेली बरी."

वीस मिनिटं लागली. सौदा मी जिंकला. दोरी आणि ताडपत्री घेतली. स्ट्रेचर भिंतीला टेकवून ठेवलं.

पेट्रोलचा चौथा दिवस. दोन दिवस पाऊस थांबला नव्हता. १११० वाजता आम्ही उतारावरच्या पायवाटेने एकापाठोपाठ जात होतो. मिलिंद माझ्या पुढे, सातव्या नंबरवर. वाटेचा तुकडा आवाज न करता खाली गेला. त्याच्याबरोबर मिलिंद गेला, तीसेक फूट.

दोरी होती. दोन जण खाली उतरले. नर्सिंग असिस्टंट खाली पोचला तेव्हा मिलिंद शुद्धीवर होता.

"कमरेचं हाड गेलंय, सर," असिस्टंटने वर ओरडून सांगितलं. "सपाट पाहिजे. कंबर हलता कामा नये."

मी रेडिओ ऑपरेटरला इशारा केला.

"अल्फा फॉर बेस. वन कॅज्युअल्टी. लायिंग केस, चालू शकत नाही. हेलिकॉप्टर रिक्वेस्ट, ओव्हर."

"बेस फॉर अल्फा. हेलिकॉप्टर नेगेटिव्ह. वेदर. रोड हेडला अँब्युलन्स. तुम्ही कॅरी करा, ओव्हर."

"रॉजर. आउट."

रोड हेड, म्हणजे गाडीरस्ता संपतो ती जागा, सहा तासांवर. मध्ये एक नाला. सकाळी तो गुडघ्याएवढा होता आणि चढत होता. बांबू होते. बांबूचं स्ट्रेचर बांधायला अर्धा-पाऊण तास लागला असता, तोवर नाला बंद झाला असता. पेट्रोल लीडर कॅप्टन साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"हवालदार, स्ट्रेचर?"

"बेसवर, सर. वजन कमी केलं."

साहेब "झोळी," एवढंच म्हणाले.

मिलिंदच्याच पाठीवरच्या पॅकमधून साडी काढली. एक बांबू तोडून त्यावर दोन्ही टोकं बांधली. त्याच्या पाठीखाली चटया आणि फांद्या घातल्या आणि दोरीने त्याला वर वाटेवर घेतलं. पण झोळी ती झोळीच. मध्ये खोल जाते. दमलेल्या माणसाला ती चांगली, कारण ती अंगाला दुमडून घेते. कंबर मोडलेल्या माणसाला तेच नको असतं. प्रत्येक वळणावर फांद्या सरकायच्या आणि तो आतून आवाज करायचा.

मी एकच ऑर्डर दिली. "झोळी जमिनीला टेकता कामा नये." चार-चार जणांनी पाळी घेतली. खांदा बदलतानाही थांबलो नाही. १२५० ला नाला ओलांडला. पाणी छातीपर्यंत. बांबू डोक्यावर धरला.

पलीकडे कॅप्टन साहेब म्हणाले, "आता थांबून बांबूचं स्ट्रेचर करू."

असिस्टंटने नाडी पाहिली. "सर, आत रक्तस्राव आहे. थांबण्यात अर्थ नाही. चला."

मी पुढच्या खांद्यावर होतो. मागून मिलिंदचा आवाज आला.

"सर."

"बोल."

"गाठ सुटायची नाही. काळजी करू नका."

त्यानंतर तो बोलला नाही. रोड हेड दीड तासावर असताना असिस्टंटला नाडी लागेना, त्याने हात वर केला. १५४० झाले होते. आम्ही झोळी खाली ठेवली नाही. तशीच अँब्युलन्सपर्यंत नेली.

चौकशी झाली. मी स्ट्रेचरचं सगळं सांगितलं. कागदावर आलं ते असं: दरड, खराब हवामान, उपलब्ध साधनांचा तत्पर वापर. तत्पर वापर माझा होता. मला शाबासकीचं पत्र मिळालं. कर्नल साहेबांच्या टेबलावर मी ते परत ठेवलं.

"बेटा," ते म्हणाले, "स्ट्रेचर असतं तरी वाचला असता याची खात्री नाही."

"खात्री नाही, सर. म्हणूनच तर."

त्यांनी पत्र माझ्या फाइलला लावलं.

साडी मी धुतली. गाठी मात्र सुटेनात. पट्ट्याची, दोरीची कुठलीही गाठ मी सोडवतो. या दोन नाही सुटल्या. तशीच घडी घालून मी ती पिंपरीला घेऊन गेलो. मिलिंदच्या आईने, मावशींनी, ती मांडीवर घेतली, एक टोक दातात धरलं, नखाने उकललं. मिनिटभरात दोन्ही गाठी सुटल्या. दोन खडे फरशीवर पडले.

"हे तिथलेच का रे?"

"हो, मावशी."

"झोपायचा का यात नीट?"

"रोज."

खडे त्यांनी मिलिंदच्या फोटोपाशी ठेवले. स्ट्रेचरचं मी काही बोललो नाही. चहा घेतला आणि उठलो. पुढची नऊ वर्षं मी दरवर्षी त्या तारखेला गेलो, चहा घेतला आणि उठलो.

या नऊ वर्षांत मी राग धरला तो शेलारवर. नियम त्याच्या हातात होता. तो हवालदार, मी हवालदार. त्याने अडून बसायला हवं होतं. कुणी विषय काढला की माझं डोकं फिरायचं. शेवटी तो भेटला चाकणला. एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर. मी टेम्पो घेऊन माल द्यायला गेलो होतो. दुपारची शिफ्ट सुटत होती.

तो ओळखून हसला. मी हसलो नाही. टेम्पोतून उतरलो आणि सगळ्या शिफ्टसमोर ओरडलो.

"तू नाही म्हणायला पाहिजे होतंस!"

त्याने रजिस्टर मिटलं. हळू आवाजात म्हणाला, "म्हनलो होतो, राव. तीनदा. तुमी ऐकलं न्हाई."

मागे हॉर्न वाजत होते. मी आठवून पाहिलं. एकदा, लिस्टमध्ये आहे म्हणाला तेव्हा. एकदा नुसतं "न्हाई." आणि एकदा झोळीत पडल्या-पडल्या, पोरं हसत असताना. ते तिसरं मी आजवर मोजलंच नव्हतं. तिथे माझं सगळं भांडण संपलं. भांडायला समोर कुणी उरलं नाही.

माल उतरवला आणि टेम्पो पिंपरीकडे वळवला.

मावशी आता थकल्या आहेत. मी खुर्चीवर न बसता खाली बसलो आणि सांगितलं. स्टोअर, सहा किलो, वीस मिनिटं, दोरी, ताडपत्री. काही वगळलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं.

"झोळी खाली टेकली का रे कुठं?"

"नाही, मावशी. एकदाही नाही."

"नाल्यात?"

"नाल्यातसुद्धा नाही."

"मग झालं," त्या म्हणाल्या. उठल्या आणि चहा ठेवला.

त्यांचं झालं असेल. माझं झालेलं नाही. त्या मला चार शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता चाकणच्या कंपन्यांतली तरुण मंडळी ट्रेकला जातात. बाजारातली झोळी महाग पडते म्हणून रविवारी दिघीला माझ्या घरी येतात. मी त्यांना जुनी साडी नाहीतर सुती चादर आणायला सांगतो. निऱ्या, खडा, दोरी, सगळं दाखवतो. आणि गटामागे एक सपाट स्ट्रेचर सोबत ठेवल्याचं दाखवल्याशिवाय कुणाला गाठ शिकवत नाही. वजन होतं म्हणून कुणीतरी घासाघीस करतोच. तेव्हा मी आवाज चढवतो आणि हटत नाही.

गाठ त्याची आहे. नाईक मिलिंद साळवे, पिंपरी. वय सव्वीस. १५४० वाजता, रोड हेडपासून दीड तासावर, आईच्या साडीत. झोळी जमिनीला टेकली नव्हती.