उष्ट्या ग्लासांची जाणकार

आत्या कुणाचीच आत्या नव्हती. आमच्या रेस्टॉरंटमध्ये ती अकरा वर्षं भांडी घासत होती, आणि मालकिणीपासून भाजीवाल्यापर्यंत सगळे तिला आत्याच म्हणत. मी तिथला मुख्य आचारी. माझ्या हाताला चव आहे असं लोक म्हणतात, आणि मी ते नाकारत नाही.

त्या वर्षी आत्याच्या हातांना भेगा पडल्या. साबणाचं पाणी लागलं की रक्त यायचं. डॉक्टरांनी बजावलं, पाण्यात हात घालणं बंद. मालकीण मनाने वाईट नाही, पण तिने सरळ विचारलं, "आत्या, मग तुम्हाला दुसरं कुठलं काम देऊ? माझ्याकडे नाहीच हो."

"ती बुडबुड्यांची लाल वाइन माझ्याकडे द्या," आत्या म्हणाली.

मला हसू आवरेना. ही वाइन इटलीची, लाम्ब्रुस्को नावाची. थोडी गोडसर, थोडी तुरट, ओतली की गुलाबी फेस येणारी. मालकिणीने हौसेने मागवली आणि आमच्या गळ्यात पडली. गिऱ्हाइकं दोन घोट घेऊन ग्लास तसाच सोडायची. ती बंद करायची असं जवळजवळ ठरलंही होतं. आणि आत्याने तर आयुष्यात वाइनचा थेंब चाखला नव्हता!

"चाखायला कशाला पाहिजे?" ती म्हणाली. "इथे उष्टं कोण बघतं? मीच ना? शेफसाहेब, ताट बाहेर गेलं की तुमचं काम संपतं. माझं तिथून सुरू होतं."

आणि तिने माझी हजेरीच घेतली.

"गोड आहे म्हणून तुम्ही ती चॉकलेट केकबरोबर देता. केक फस्त होतो, ग्लास भरलेला परत येतो. केकपुढे ती आंबट लागत असणार. वाफवलेल्या माशाबरोबर दिलीत, तर दोन्ही अर्धवट परत. पण ते तेलकट सॉसेज, चरबीसकट भाजलेलं मांस, खारट जुनं चीज, यांच्याबरोबर दिली की ग्लास कोरडा येतो. तोंडात चरबीचा थर बसतो, बुडबुडे तो खरवडून काढतात. मी तुमच्या तव्याचा काढते तसा. आणि लाल आहे म्हणून बाटल्या कपाटात ठेवता! त्या एका दिवशी चुकून फ्रिजमध्ये राहिल्या होत्या, तेव्हा कुणी घोटसुद्धा टाकला नाही."

 मला रागच आला, खोटं कशाला बोलू? अकरा वर्षं माझ्या पाठीमागे उभी राहून ही बाई माझ्या चुका विसळत होती.

मालकीण म्हणाली, "ठीक आहे. रविवारचं दुपारचं जेवण तुमच्या हाती. मात्र ग्लास भरलेले परत आले, तर माझाही इलाज नाही."

रविवारी आत्या इस्त्रीचे कपडे करून आली. हातांना मलम, वर पांढरे हातमोजे. बाटल्या तिने सकाळीच फ्रिजमध्ये ठेवायला लावल्या होत्या. प्रत्येक टेबलाशी जाऊन ती आधी काय मागवलंय ते विचारी आणि मगच वाइनचं नाव काढी. मासा मागवलेल्या जोडप्याने आपणहून तीच वाइन मागितली, तर तिने चक्क सांगितलं, "ही नका घेऊ, मजा येणार नाही." मालकिणीने कपाळावर हात मारून घेतला. पण सॉसेजवाल्या टेबलाने दुसरी बाटली मागवली. भाजलेलं मांस खाणाऱ्या एका आजोबांनी तर स्वतःचा ग्लास संपवून सुनेचाही ओढून घेतला.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून परत येणारे ट्रे तपासत होतो. ती तोंडावर पडावी असं मला थोडं वाटत होतं, हे कबूल करतो. कोरडा ग्लास. कोरडा ग्लास. एकात तळाशी घोटभर. तीन वाजेपर्यंत मी पुरता तिच्या बाजूला गेलो होतो, आणि म्हणूनच काउंटरवर काठोकाठ भरलेला एक ग्लास दिसला तेव्हा मी तिकडे धावलो.

"हा कुणी सोडला?" मी ओरडलोच.

"तो आत्यांचा आहे," मालकीण म्हणाली. "आत्ताच ओतलाय. उद्यापासून वाइनचं त्याच बघणार, मग एकदा चाखायला नको?"

आत्या जागच्या जागी उभी राहिली. मग तिने हातमोजे काढले, खिडकीजवळची खुर्ची ओढली आणि गिऱ्हाइकासारखी ऐटीत बसली.

"नुसतीच देणार?" तिने मला दटावलं. "सोबत काहीतरी आणा की."

"काय आणू? तुम्हाला काय आवडतं?"

 दिवसभर टेबलाटेबलाशी फाडफाड बोलणारी बाई हातमोज्यांची घडी घालू लागली.

"मला काय आवडतं," ती हळूच म्हणाली, "ते मी कधी बघितलंच नाही हो."

 "मग बसून राहा," मी म्हणालो. "एकेक करून सगळं आणतो." आणि विझवलेली शेगडी पुन्हा पेटवली.