कोळशाची मोटार

"आधी संशय, मग चावी," असं म्हणत मिस्तरी दाढीच्या ब्रशनं पाइपाच्या प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावायचे. बुडबुडा आला की गॅस गळतोय. "ह्याला रंग न्हाई, वास न्हाई. मानूस बसल्या जागी जाईल, भाऊ."

भिंगारला आमच्याच गल्लीत राहायचे ते. लष्कराच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले, बोलायला कंजूष. माझ्या वडिलांची जुनी मोटार दारात गंजत पडली होती. ती कोळशाच्या गॅसवर चालवून दाखवतो, असं ते एकदा चहा पिताना म्हणाले.

"माज्या बापानं लढाईच्या टायमाला चालवली हुती. पेट्रोल मिळतच नव्हतं."

मी हो म्हणालो खरा, पण वेड्या बाभळीच्या कोळशावर मोटार चालते, यावर तुम्ही तरी विश्वास ठेवला असता का? त्यात शेजाऱ्यानं कान भरले, जुन्या कार्ब्युरेटरला हल्ली सोन्याचा भाव आहे म्हणून. वडिलांची मोटार, तिचे भाग डोळ्यांदेखत गेले तर? मी बायकोचं लाल नेलपॉलिश घेतलं आणि गुपचूप एकेका भागावर टिपका देऊन ठेवला. तेव्हा मला स्वतःच्या हुशारीचं कौतुकच वाटलं.

डिकीत कोळशाची टाकी बसली. कार्ब्युरेटर काढून मिस्तरी घरी घेऊन गेले आणि दोन दिवस त्याचं नाव नाही. तिसऱ्या दिवशी मी सहज विचारल्यासारखं विचारलं. संध्याकाळी त्यांनी तो आणून दिला, घासून लख्ख केलेला, तेल लावून फडक्यात गुंडाळलेला. लाल टिपका तेवढा जसाच्या तसा.

"त्यो पुसला न्हाई. तुमाला वळखायला लागंल."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. ते मात्र पुन्हा साबण लावायला बसले.

मोटार चालली. घोडेगावपर्यंत जाऊन आलो आम्ही, वाटेत लोक थांबून बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी टाकी कशी पेटवायची, राख कशी काढायची, सगळं मला शिकवलं आणि हात धुतले.

"आता तुमीच करायचं. मी हात लावनार न्हाई."

"का हो, मिस्तरी?"

"उद्या काय हरवलं तर?" ते हसले. मला हसता आलं नाही.

बोलणं त्यांनी तोडलं नाही. चहाला यायचे, गप्पा मारायचे. माफी मागायचं मी रोज ठरवायचो आणि रोज उद्यावर ढकलायचो. गेल्या हिवाळ्यात ते गेले.

आमची गल्ली अरुंद. मोटारीला घासूनच जावं लागतं. तिच्याजवळ आले की मिस्तरी दोन्ही हात पाठीमागे बांधून घ्यायचे आणि मोटार मागे पडेपर्यंत सोडायचे नाहीत.