खालच्या दरवाज्याची बायडाबाई

दगडाची शीर डोळ्यांना दिसायच्या आधी हाताला लागते, असं बायडाबाई सोनावले म्हणायची. लग्न होऊन आली तेव्हापासून ती खडी फोडत होती. पाटणपासून कोयनेच्या खोऱ्यात शिरणारे निम्मे रस्ते तिच्या हातोडीखालून गेले होते. डाव्या डोळ्यात एकदा कपची उडाली, तेव्हापासून त्या डोळ्यानं अंधुक दिसायचं. पण दगड तिला कधी फसवू शकला नाही.

१९९३ सालच्या चैत्रात धारजाईगडाच्या पायथ्याला रोजगार हमीचा रस्ता चालू होता. वस्तीतल्या वीस बायका कामावर होत्या. ट्रॅक्टरवाल्या धुळानं ट्रॉली उलटी केली, दगड घरंगळले आणि बायडाबाईनं हाताशी आलेला एक ओढला. हातोडी उचलली, आणि ती तशीच वर राहिली.

दगड घडीव होता. कडा सुतात. मधोमध चौकोनी खोबण, कोपरापर्यंत हात जाईल एवढी खोल. गडाचा खालचा दरवाजा लावला की आतून जो आडवा वासा सारायचा, त्या अडसराची ती खोबण होती. सून म्हणून आली त्या आठवड्यात तिचे सासरे आण्णा तिला दरवाज्यापाशी घेऊन गेले होते. हिरव्या चुड्यासकट तिचा हात त्यांनी त्या खोबणीत घालायला लावला होता. "ह्यो आपल्या घरचा धंदा हुता, पोरी. उघडायचं आन् लावायचं."

बायडाबाईनं हातोडी खाली ठेवली आणि ती त्या दगडावर बसली.

मुकादम हरिबा आला. "काय गं, ऊन लागलं का?"

"ह्यो दगूड मी फोडणार न्हाई. आन् कुनाला फोडू देणार न्हाई."

"का?"

"गडाचाय. खालच्या दरवाज्याचा."

हरिबा हसला. "मग? गड काय तुज्या बाचा हाय?"

"बाचा न्हाई. सासऱ्याच्या पणज्याचा हाय," बायडाबाई म्हणाली. "तुज्या कुनाचा हाय का बघ इचारून घरी."

बायका खुदकन हसल्या आणि लगेच गप्पही झाल्या, कारण हरिबाचा चेहरा उतरला होता. दगड आणायचे होते दहा मैलांवरच्या खाणीतून. पण गडाची तटबंदी जवळ होती, निम्मी ढासळलेली होती आणि तिला विचारणारं कुणी नव्हतं. ठेकेदाराला ते सोयीचं होतं. सरपंच नानासोंची त्याला मान्यता होती. हरिबानं हजेरीतून बायडाबाईचं नाव काढलं आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. फडक्यात भाकरी बांधून गड चढली आणि खालच्या दरवाज्यात, ट्रॅक्टरच्या वाटेवर जाऊन बसली.

धुळा ट्रॅक्टर घेऊन आला तो तिला बघून थबकला. धुळा माण-आटपाडीकडच्या मेंढक्यांतला, चार वर्षांमागं या बाजूला आलेला. त्यानं हॉर्न वाजवला, मग इंजिनच बंद केलं.

"मावशे, उठ की गं. माजी नोकरी घालवशील."

"घाल माज्या अंगावरनं. मग कर नोकरी."

धुळानं ट्रॅक्टर मागं घेतला आणि रिकामी ट्रॉली खडखडवत खाली उतरला. लोकांना म्हणाला, "मेंढरू आडवं आलं तरी आमी थांबतो. ती तर बाईमानूस हाय."

चौथ्या दिवशी नानासो स्वतः आले, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, धापा टाकत. ते सावलीला बसले आणि गोडीनं बोलू लागले. "बायडाबाई, रस्ता तुमच्याच वस्तीला चाललाय. तुमच्याच पोरीबाळींना पावसाळ्यात दवाखान्यात न्यायला."

"रस्ता पायजेच आमास्नी. खाणीतल्या दगडाचा करा."

"ह्या पडक्या भिंतीत काय ठेवलंय?"

"आवं नानासो, दरसाली गुलाल उधळत वर येता, गडाच्या नावानं घसा बसंस्तवर वरडता. तवा पडकी दिसत न्हाई व्हय?"

नानासोंचा आवाज बदलला. "तुझा काय संबंध गडाशी? कागद हाय का एखादा?"

तेव्हा बायडाबाईनं त्यांना गडाची हकिगत सांगितली, आण्णांनी तिला सांगितली होती तशी. माथ्यावरची कातळातली टाकी कुणी खोदली हे कुणालाच ठाऊक नाही. राजे यायच्या आधीपासून ती पाण्यानं भरलेली आहेत. मग भोजराजानं डोंगराला तट घातला. मग विजापूरकर आले, मग मराठे. माथ्यावरची माणसं बदलत गेली. खालच्या दरवाज्यावर मात्र एकच घर राहिलं. शेवटी इंग्रज आला. वरचा किल्लेदार शिबंदी घेऊन मागच्या चोरवाटेनं उतरून गेला. दरवाज्यावर आण्णांचा पणजा सोननाक होता, त्याला कुणी सांगितलंसुद्धा नाही. खालून हुकूम झाला, दार उघड. सोननाक म्हणाला, "ज्यानं किल्ली दिली त्येनं येऊन मागावी." देणारा तर केव्हाच पळाला होता. तीन दिवस एकट्या माणसानं दार धरलं. चौथ्या दिवशी तोफ लागली. दार पडलं ते त्याच्या अंगावरच.

"हे कुठल्या पुस्तकात हाय?" नानासोंनी विचारलं.

"पुस्तक लिवणारा माथ्यावर बसला असंल. दरवाज्यात कुनी इचारायला आलं न्हाई."

नानासो उठून गेले. पण वस्तीवर वेगळंच शिजत होतं. ट्रॅक्टर थांबला तसं काम थांबलं, आणि वीस घरांतल्या चुली बायडाबाईच्या नावानं धुमसू लागल्या. कुणीतरी सांगलीला निरोप धाडला. रविवारी तिचा मुलगा कपिल आला. तो सांगलीच्या एसटी वर्कशॉपमध्ये होता. तो थेट दरवाज्यात आला आणि आईसमोर उभाच राहिला.

"आये, कुणासाठी बसलीयास तू? वरच्या टाक्याचं पाणी कवा आपल्याला पिऊ दिलं त्यांनी? दार आपण राखायचं आन् आत जायचं न्हाई. मोडू दे की! बाबासाहेबांनी गावकीची कामं सोडा म्हणून सांगितलं, आन् तू परत येसकरासारखी दारात येऊन बसलीस."

हे तिला लागलं. हरिबाचं लागलं नव्हतं, नानासोंचं लागलं नव्हतं.

"गडानं आपल्याला कायबी दिलं न्हाई, खरं हाय तुजं," ती म्हणाली. "पर आपण गडाला दिलं का न्हाई? माणूस दिला. तेवढी एकच गोष्ट हाय रं आपली हितं. तीबी खडी करून रस्त्यात घालायची, मग उद्या म्हणतील, तुमी हुताच कुठं? येसकर दुसऱ्याच्या हुकमानं बसायचा, लेकरा. मला कुनी बसवलंय?"

कपिल तिच्या शेजारी बसला. भाकरीतली अर्धी तिनं त्याला दिली. मग त्यानं खिशातलं पेन काढलं आणि मांडीवर कागद घेऊन अर्ज लिहिला. सोमवारी मायलेक पाटणला तहसील कचेरीत गेले. साहेब जेवायला गेलेत म्हणून त्यांना बाहेर बसवलं, मग मीटिंगमध्ये आहेत म्हणून. बायडाबाई दारातच बसून राहिली. तिला त्याची सवय झाली होती. संध्याकाळी साहेबांनाच तिला ओलांडून जायची लाज वाटली आणि त्यांनी अर्ज वाचला.

अकराव्या दिवशी पंचनामा झाला. तटाचे दगड काढायचे नाहीत, असा लेखी हुकूम ठेकेदाराला मिळाला. खाणीतले दगड येऊ लागले आणि बायका कामावर गेल्या. पण ती दरवाज्यात बसायच्या आधीच उजवीकडचा अख्खा बुरूज रस्त्यात गेला होता. तो परत आला नाही. हरिबानं बायडाबाईला पुन्हा हजेरीवर घेतलं नाही. ती त्या वर्षी लोकांच्या भातलावणीला गेली.

पुढच्या साली वस्तीच्या विहारात साक्षरतेचा वर्ग निघाला. साठीला टेकलेली बायडाबाई पहिल्या दिवसापासून पाटी घेऊन हजर. "आता काय कलेक्टर व्हायचंय?" बायका विचारायच्या. "कागद मागत्यात ना, म्हणून," ती म्हणायची.

पंचनाम्यानंतर गडाचं नाव झालं होतं. १९९५ मध्ये नानासोंनीच पायथ्याला इतिहासाचा मोठा फलक उभा केला. उद्घाटनाची गर्दी पांगल्यावर बायडाबाई त्याच्यासमोर गेली. एकेका अक्षरावर बोट ठेवत, जोडाक्षरांना अडखळत, तिनं तो शेवटपर्यंत वाचला. तासभर लागला. भोजराजा होता, विजापूरकर होते, पळालेल्या किल्लेदाराचं नाव तर ठळक अक्षरांत होतं. सोननाक नव्हता.

ती नानासोंकडे गेली. ते म्हणाले, पुरावा नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, रस्त्यावर माणसं असताना, तिनं डांबराच्या डब्यात काडी बुडवली आणि फलकाच्या खालच्या मोकळ्या जागेत वाकड्या अक्षरांत लिहिलं: 'दार सोननाकानं राखलं.' कुणीतरी रॉकेलनं ते पुसलं. तिनं परत लिहिलं. परत पुसलं. तिसऱ्या खेपेला नानासो मोटारसायकल थांबवून उभे राहिले.

"किती वेळा लिवशील?"

"तुमचं रॉकेल संपंस्तवर," बायडाबाई मागं न बघता म्हणाली, आणि 'राखलं'मधल्या ख ची गाठ तिनं सावकाश पुरी केली.