राखेच्या लादीवर उतू गेलेलं दूध

ताईची गुहागरची बेकरी म्हणजे नारळीच्या बागेतली एक लाकडावर पेटणारी भट्टी. तिच्या तळाला सिमेंटचा कोबा होता. सिमेंटनं आत धरून ठेवलेलं पाणी मोठ्या आचेनं निघून जातं आणि कोबा भुसभुशीत होतो. दर वर्षी तो फुटायचा, नानकटाईला खडे लागायचे. मी रत्नागिरीत इंजिनिअरिंग शिकवतो. कोळशाच्या राखेत कॉस्टिक सोडा आणि सोडियम सिलिकेट घालून जिओपॉलिमर, म्हणजे सिमेंटशिवाय दगडासारखं घट्ट होणारं मिश्रण, करतो. ते आचेला सिमेंटपेक्षा चांगलं टिकतं. म्हणून गणपतीच्या तोंडावर मी ताईला हौसेनं कोबा फोडायला लावला आणि राखेची लादी ओतली. एक गोष्ट मात्र तिला सांगितली नव्हती, आणि त्या टोचणीनं मला जेवण जात नव्हतं.

पहिल्या विस्तवाला ताईनं भट्टीत दुधाचं पातेलं ठेवलं. नव्या चुलीवर दूध उतू गेल्याशिवाय ती काही भाजत नाही. तिनं लाकडं कोंबली, मी ओढून काढली. तिनं पुन्हा घातली. लादीत अजून ओल आहे, आच एकदम चढली तर आतली वाफ लादी फोडेल, असं मी समजावलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"खरं काय ते सांग."

"ताई, मी फक्त मुठीएवढे ठोकळे तापवून बघितलेत. एवढी लादी कधीच नाही."

चाकरमानी यायला लागले होते, नानकटाईची मागणी घेऊन झाली होती, आणि जुना कोबा परसात तुकडे होऊन पडला होता. ताईनं पाट आणून भट्टीसमोर टाकला आणि म्हणाली, "बस आता. एकेक करवंटी घाल. जेवण इथेच देते."

दिवसभर लादीला घाम फुटत होता, मलाही. भावोजी येता-जाता विचारत, "काय प्राध्यापक, बाळंतिणीची शेगडी काय?" संध्याकाळी वाफ थांबली, तशी मी आच वाढवली. दूध जाड सायीखालून वर आलं आणि थेट लादीवर चर्रकन सांडलं. मी डोळे मिटले. ताईनं वाकून बघितलं. कोपऱ्यात केसाएवढी एक रेघ होती. मी माफी मागायला लागलो, तोवर तिनं कालथ्यानं ती खरवडून बघितली. काही सुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी भट्टी पुरती पेटवली. रेघ वाढली नाही. पहिल्या घाण्यातली नानकटाई ताईनं तोंडात टाकली आणि खडा शोधत बराच वेळ चावत राहिली.

"मे महिन्यात वरचा घुमटही राखेचाच करू," ती म्हणाली. "पण आधी घुमटाएवढा ठोकळा तापवून बघ."